बकरीने खाल्लेल्या कळ्या

बाबा, आज दुपारी जेवणं उरकल्यावर मी मटार सोलायला घेतले आणि चार शेंगांतच हात थांबले. बोटांची पेरं सुजलीत, शेंग फुटायच्या आधी नख दुखतं. मुलगा ऑफिसात, सून ऑफिसात, खिडक्या बंद. बाहेरची हवा इतकी खराब आहे की समोरची बिल्डिंग धुरकट दिसते. हवा साफ करायचं एक मशीन मुलाने आणून ठेवलंय, ते कोपऱ्यात घुरघुरत बसतं, माझ्यासारखंच. मयूर विहारला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट चार दिवस बंद आहे, म्हणजे खालच्या बाकावरच्या बायकाही बंद. मग नातीची जुनी वही ओढली. अर्धी कोरी आहे, मागच्या पानांवर तिने मेंदीच्या डिझाइनी काढल्यात. तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली आणि मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. माझी अक्षरं अजून तिसरीतलीच आहेत, मोठी मोठी, एका ओळीत चारच शब्द मावतात. तेव्हा सावकाश वाचा. मला तरी कुठे घाई आहे.

आधी आनंदाची गोष्ट सांगते, नाहीतर मी तुम्हाला माझे गुडघेच सांगत बसेन. तुमची पणती, माझी नात, जर्मनीत आहे. इथल्या कॉलेजातली मुलं सहा महिने तिकडे शिकायला जातात, तिकडची इकडे येतात, अशी अदलाबदल असते. पंधरा ऑगस्ट झाला आणि ती गेली. आणि बाबा, ऐका, ती तिथे बागेत काम करते! अभ्यासाचाच भाग आहे, इंटर्न म्हणतात, म्हणजे आपला शिकाऊ माळी, अजून काय. गुडघ्यापर्यंत बूट, डोक्याला टोपी, हातात खुरपं. मी तर भाजीवाल्यालासुद्धा सांगितलं, मेरी पोती जर्मनी में माली का काम करती है. तो म्हणाला, अच्छा माताजी, और धनिया डालूँ? मुलाला मात्र हे बिल्कुल आवडत नाही. "आई, लोकांना स्टडी म्हणून सांग, माळीकाम कशाला सांगतेस?" म्हणतो. एकदा जेवताना म्हणाला, "आजोबांनी जन्मभर माती उपसली म्हणून आपण ऑफिसात बसलो, आणि ही विमानात बसून माती उपसायला गेली." सून हसली. मी नाही हसले. पण मनातून मला इतकं बरं वाटतं की सांगायची सोय नाही. दिवसभर अंग मोडून आलेलं असतं, तरी तिचा फोन आला की मी पदर नीट करून बसते.

तुमचं आठवतं ते सगळं ऑक्टोबरातलं आहे. साहेबांच्या बंगल्यामागची आपली एक खोली, तिच्यापुढे विटांवर मांडलेले शंभर-सव्वाशे गमले. तुम्ही घरी कुंडी म्हणायचात आणि साहेबांपुढे गमला, घरी शेवंती आणि तिथे गुलदावदी. मी नातीशी कुंडी म्हटलं तर ती हिंदीतली कुंडी समजून दाराची कडी बघायला गेली होती, म्हणून आता मीही गमलाच म्हणते. शाळेतून आले की दप्तर टाकून मी तुमच्या शेजारी पाटावर बसते. तुम्ही एक फांदी दोन बोटांत धरता, शेंड्याची कळी सोडता आणि तिच्या खालच्या, बाजूच्या, पानांच्या बगलेत लपलेल्या सगळ्या कळ्या अंगठ्याच्या नखाने खुडता. बाजरीच्या दाण्याएवढी असतानाच खुडायची, मोठी झाली की झाडाला जखम होते. ओढायची नाही, वळवायची नाही, नख टेकवायचं आणि उचलायचं. एका गमल्यात एक फूल. डिसेंबरात ते फूल जेवायच्या थाळीएवढं व्हायचं, ट्रकात बसून प्रदर्शनाला जायचं, आणि त्याच्यापुढे साहेबांच्या नावाचं कार्ड लागायचं. तुमचा माझ्याकडे एकच फोटो आहे, त्याच प्रदर्शनातला. साहेब पुढे कप घेऊन उभे आहेत आणि तुम्ही मागे गमला धरून. अर्धा चेहरा फुलाआड गेलाय. दर वर्षी त्या अर्ध्या चेहऱ्यापुढे मी मेणबत्ती लावते.

मला तिसरीतून काढलं तोही ऑक्टोबरच. आईला बंगल्याच्या स्वयंपाकघरात काम मिळालं होतं, धाकट्या दोघांना सांभाळायला कोणी नव्हतं. दादा शाळेत राहिला. त्याच्या गणवेशाला आई रोज इस्त्री करायची, पितळी तांब्यात निखारे घालून. मी तुम्हाला विचारलं होतं, मी का नाही? तुम्ही खुडत होतात, वर बघितलं नाहीत. म्हणालात, "एका झाडात रस तो किती असतो? सगळ्या कळ्यांना वाटला तर एकही धड होत नाही." एवढंच. मी नऊ वर्षांची होते, पण मला कळलं. मी त्या दिवशी खाली पडलेल्या कळ्या फ्रॉकमध्ये गोळा केल्या आणि वाटीत पाणी घालून ठेवल्या. दोन दिवसांत काळ्या पडल्या, वास यायला लागला. आईने वाटी घासायला घेतली आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. तुम्ही दारात उभे होतात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही डालड्याचा एक चेपलेला डबा घेऊन आलात. त्यात वाकड्या खोडाचं शेवंतीचं रोप होतं, नर्सरीतून टाकून दिलेलं. डबा माझ्यापुढे ठेवून म्हणालात, "हे तुझं. याला नख लावायचं नाही. हे वेगळं वाण आहे, याला जेवढी यायची तेवढी येऊ दे." मी मोजल्या, एकतीस कळ्या होत्या. साहेबांच्या थाळीएवढ्या होणाऱ्या फुलांशेजारी माझा तो डबा. तेव्हा मला वाटलं, वाकडं होतं म्हणून दिलं. आता वाटतं, तुम्हाला माझ्याशी काही बोलायचं होतं आणि तुमच्याकडे डबाच होता.

मग ती धोबीकाकांची बकरी. आठवते ना? शेजारच्या खोलीपुढे बांधलेली असायची, पांढरी, एका कानाला काळा डाग. आठवड्याभरात डब्यातल्या कळ्या गेल्या, फक्त शेंड्याची एक उरली. तुम्ही संध्याकाळी सायकल लावली, डबा बघितलात, विचारलंत, आणि मी म्हटलं, बकरीने खाल्ल्या. तुम्ही कधी कोणाशी भांडला नाहीत, बाबा. साहेब ओरडले तरी जी म्हणायचात. त्या दिवशी मात्र धोबीकाकांच्या दारात जाऊन इतके ओरडलात की बंगल्यातून चौकीदार बघायला आला. "मेरी लड़की का एक ही पौधा था!" असं म्हणालात. धोबीकाका हात जोडत होते. मग परत आलात, डब्याशी उकिडवे बसलात, फांदी दोन बोटांत धरून बराच वेळ बघत राहिलात. नंतर उठून हात धुतलेत. त्यानंतर बकरीचा विषय तुम्ही कधी काढला नाहीत. धोबीकाकांनी तिचा दोर इतका आखूड केला की तिला नीट बसताही येईना. काकू मला इस्त्रीच्या राखेत भाजलेला कांदा द्यायच्या, तो बंद झाला.

कुठून कुठे गेले बघा. नातीचं सांगत होते.

तिला हे कळ्या खुडणं मीच शिकवलंय, इथल्या बाल्कनीत. सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून इकडे आलो तेव्हा मी सामानात दोनच गमले आणले होते. दर वर्षी शेवंती लावायची, एका गमल्यात एक फूल. ती पाच वर्षांची असल्यापासून शेजारी बसायची. तिचं नख माझ्याहून साफ चालतं. तर सप्टेंबरच्या शेवटी तिचा व्हिडिओ कॉल आला. काचेच्या मोठ्या खोलीत रांगेने साठ गमले, सगळे शेवंतीचे, कळ्यांनी भरलेले. तिला तिथल्या मुख्य माळीणबाईंनी वाळकी पानं काढायला सांगितलं होतं. "आजी, बघ, मी विसरले नाही," म्हणाली आणि फोन टेकवून खुडायलाच लागली. बाबा, मला काय आनंद झाला! तुमचंच नख, समुद्रापलीकडे. मी इथून ओरडतेय, "शाबास! ती खालची राहिली बघ, डाव्या हाताला, ती पण काढ!" सून आतून म्हणाली, आई, हळू, शेजारी घाबरतील. दोन दिवसांत तिने साठच्या साठ गमले साफ केले. कोणाला विचारलं नाही. बाईंना सरप्राइज द्यायचं होतं म्हणे.

चार दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी चेहरा नाही, नुसता आवाज, तोही कुजबुजता. "आजी, घोळ झालाय." तिकडे कोणाला एक मोठं फूल नकोच असतं. त्यांना गमला भरून छोटी छोटी फुलं हवी असतात. बाईंनी उघडेबोडके गमले बघितले आणि त्यांना वाटलं, गोगलगायींनी कळ्या खाल्ल्या. तिकडे गोगलगायी फार, रोपंच्या रोपं फस्त करतात. "आजी, त्या एकेक गमला उचलून खाली बघतायत. साठ गमले यार. साठीच्या आहेत त्या, कंबरेला पट्टा बांधतात. मी समोर उभी होते, माझ्या तोंडातून शब्दच नाही निघाला." मी विचारलं, आता? ती म्हणाली, "त्यांचा शेरा मिळाला नाही तर हे सहा महिने फुकट जातात. पप्पा तर लगेच म्हणतील, चलो, परत ये. आजी, मी पण गोगलगायच म्हणू ना? त्यांना तसंच वाटतंय. मी फक्त हो म्हणायचं."

मी म्हटलं, थांब, कुकरची शिट्टी होतेय. कुकर लावलेलाच नव्हता. मी फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि उभी राहिले. फार थकल्यासारखं झालं, बाबा. जिने चढून होतं तसं नाही, दुसऱ्या जागी. मग फोन उचलला आणि म्हटलं, "गोगलगायीचं नाव घ्यायचं नाही. सांगून टाक." ती म्हणाली, "ते मला काढतील आजी." म्हटलं, "काढलं तर काढलं. पण तू हो म्हणालीस तर त्या बाई उद्याही गमले उचलतील, परवाही उचलतील, आणि तुला रोज ते बघावं लागेल." ती रडायला लागली. मी म्हटलं, "चूक माझी आहे. त्या बाईंना फोनवर घे, मी सांगते." रडता रडता म्हणाली, "तुला जर्मन येतं?" "तू आहेस ना मध्ये," मी म्हटलं, "पण माझं वाक्य कमी करू नकोस."

दोन दिवसांनी दुपारी मी चांगली साडी नेसून डायनिंग टेबलाशी बसले. फोनमध्ये आधी छतच दिसलं, मग नात, मग त्या बाई. पांढरे केस, लाल गाल, हात तुमच्यासारखे, भेगांत माती बसलेली. नमस्ते म्हणाल्या. नात खाली मान घालून त्यांच्या भाषेत बोलली, लांबलचक. बाई ऐकत राहिल्या, मग काहीतरी दोन वाक्यं बोलल्या, आणि ही एकदम तोंडावर हात धरून रडतेय की हसतेय कळेना. मी इकडे, "काय म्हणाली? अगं, काय म्हणाली ते सांग!" शेवटी नाक पुसून म्हणाली, "आजी, त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवशी त्यांनी गोगलगायी शोधल्या, दुसऱ्या दिवशी चष्मा लावून देठ बघितले. म्हणतात, गोगलगाय कुरतडते, हे नख आहे, आणि शिकवलेलं नख आहे. म्हणून त्या थांबल्या होत्या, मी सांगायला येते का बघत."

माझ्या हातातला चष्मा टेबलावर पडला. मला काय बोलायचं होतं ते सगळं पाठ केलं होतं, आणि काहीच आठवेना. एवढंच म्हटलं, माझ्या वडिलांनी शिकवलं ते मी तिला शिकवलं, आमच्याकडे असं केलं की फूल थाळीएवढं होतं. बाईंनी मान हलवली. एक गमला जवळ घेऊन दाखवला. म्हणाल्या, हे वाण तसं नाही. याच्या कळ्या काढल्या तर फूल मोठं होत नाही, फुलं नुसती कमी होतात. म्हटलं, माझे वडील असते तर त्यांनी आधी वाण विचारलं असतं, मी विचारायला विसरले. मग त्यांनी सांगितलं की हे गमले कशासाठी आहेत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिकडे एक दिवस असतो, लोक आपापल्या गेलेल्या माणसांच्या कबरीवर शेवंतीचा भरलेला गमला ठेवतात. साठ घरांची शेवंती होती ती. बाबा, मला जमिनीत जावंसं वाटलं. बाईंनी विचारलं, तुमचे वडील आहेत? म्हटलं, नाहीत, फार वर्षं झाली. त्यांनी विचारलं, तुम्ही त्यांच्यासाठी काय ठेवता? म्हटलं, मेणबत्ती. बाईंनी हातातला गमला खाली ठेवला. मग नातीला म्हणाल्या, शेऱ्यात दोन्ही लिहीन, चूक पण आणि सांगायला आलीस ते पण. उद्या सातला ये, दुसरीकडून रोपं आणायची आहेत, ट्रक उतरवायला माणूस हवा.

मुलाला मी त्याच रात्री जेवताना सगळं सांगितलं. आता लपवायचं वय नाही राहिलं, लक्षात ठेवायचा कंटाळा येतो. वाटलं, चिडेल. त्याने पोळीचा घास हातात धरून सगळं ऐकलं, विचारलं, "आजोबांच्या वेळी खरंच थाळीएवढं फूल व्हायचं?" मी म्हटलं, त्याहून मोठं. मग बराच वेळ जेवत राहिला आणि उठताना म्हणाला, "तिला म्हणावं, ट्रक उतरवताना हातमोजे घाल."

तो त्यांचा दिवस होऊन गेला. दुसरीकडची शेवंती आली, साठ घरांना मिळाली. खुडलेले गमले बाईंनी छाटून बाजूला ठेवले, पुढच्या वर्षी फुटतील म्हणाल्या. त्यातला एक नातीने छाटायच्या आधीच मागून घेतला आणि तिच्या खोलीच्या खिडकीत ठेवला. काल तिने मला दाखवला. "हा पणजोबांचा," म्हणाली. उंच काटकुळा देठ आणि वर एक फूल, पिवळं, कोटाच्या बटणाएवढं. बाहेर पाऊस पडत होता, ते फूल काचेला टेकून उभं होतं. ती म्हणाली, "आजी, किती गरीब दिसतंय ना." मी म्हटलं, अच्छा, आता ठेवते, दूध वर येतंय. तेव्हा कुकर नव्हता, या वेळी दूध नव्हतं.

कारण ते फूल मी आधी बघितलंय, बाबा. डालड्याच्या डब्यात. तेवढंच होतं, बटणाएवढं, असंच एका बाजूला कललेलं.

काल संध्याकाळपासून त्या बाईंचं वाक्य डोक्यातून जात नाही. त्यांना चष्मा लावून दिसलं, तर तुम्हाला बिनचष्म्याचं दिसलंच असणार. तुम्ही ती फांदी किती वेळ धरून बसला होतात. मी दाराआडून बघत होते. आणि उठून तुम्ही हात धुतलेत, धोबीकाकांकडे परत गेला नाहीत, मलाही काही विचारलं नाहीत. तेव्हा मला वाटलं, वाचले. मग वाट बघत बसले, आज विचारतील, उद्या विचारतील. माझं लग्न झालं, मुलगा झाला, तुम्ही त्याला मांडीवर घेऊन बसायचात, तेव्हाही वाटायचं, आता विचारतील. तुम्ही त्या बाईंसारखे थांबला होतात का? असलात तर फार थांबलात.

आता लिहून टाकते, तशीही ही वही कोणी उघडत नाही. मी एक पुठ्ठा कापला होता, आईच्या चहाच्या पुड्याचा. त्यावर माझं नाव लिहिलं होतं, तिसरीपर्यंत तेवढं नीट यायला लागलं होतं. ते कार्ड डब्यापुढे लावायचं होतं. पण एकतीस लहान फुलांपुढे कोण कार्ड लावतं? मला थाळीएवढं हवं होतं. बकरी त्या दिवशी दोराला बांधलेलीच होती, बाबा. कळ्या मी खुडल्या. तीसच्या तीस, तुम्ही शिकवलं तशा, नख टेकवून.